संमतिपत्र

॥ श्री ॥

धार,
सोमवार, ४ ऑक्टोबर २००४

चि. सौ. वल्लरीस,
तात्यांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. अक्षर सुरेख आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी काही गोड लिहीन याची खात्री नाही. इकडे सर्व ठीक. गुडघा त्याच्या सवयीनं दुखतो. मुंज तलावात यंदा पाणी बरं आहे. शेजारच्या जगदेवरावांनी नवी स्कूटर घेतली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या ओट्यावर धडकवली. ‘भिया, ब्रेक नवा है,’ म्हणून विषय मिटवला. ओटा शाबूत आहे.

येत्या गुरुवारी अविधवा नवमी. सुनेत्रा सवाष्ण गेली, म्हणून तिचं श्राद्ध पितृपक्षातल्या या नवमीला. दरवर्षी शंतनू देवासहून येतो, लग्न झाल्यापासून तू सोबत येतेस, आणि स्वयंपाकघरातून मला दोनदा तरी बाहेर काढतेस. यंदा तो श्राद्ध तिकडेच करणार, असं तू लिहिलंस. करू दे. मुलगा तिकडे करणार म्हटल्यावर नवऱ्यानं इकडे काय करायचं, हे मी गुरुजींना विचारून आलो. ते म्हणाले, ‘आप तो बस हाथ जोड़ लो, मास्टरजी.’ तेवढं मला जमेल.

आता मुद्द्यावर येतो. तू विचारलंस, माझं काय चुकलं? तुझं काहीही चुकलं नाही. माझी ‘ड्यूटी’ ही कविता पुण्याची मंडळी नववीच्या पूरक वाचनाच्या पुस्तकात घेणार म्हणून देवासच्या मराठी मंडळानं गणपतीत माझा सत्कार ठेवला. ‘कविता सूनबाईंनीच वाचावी,’ ही कल्पना मंडळाच्या प्रतापरावांची. आग्रह शंतनूचा. तू संगमनेरची, मराठी शाळेत शिकलेली, तुझ्यासारखं वाचणारं आमच्याकडे आता उरलंय कोण? मी स्टेजवर, शाल मांडीवर घेऊन. शंतनू पहिल्या रांगेत. तू वाचलंस आणि टाळ्या पडल्या नाहीत. तुला वाटलं, वाचनात काही राहिलं. वाचन उत्तम होतं. मी स्वतः ती कविता पंधरा-वीस ठिकाणी वाचली असेन, इतकी चांगली मला कधी वाचता आली नाही.

मग पत्रिकेत छापल्याप्रमाणे शंतनू वर आला, मला नारळ दिला, वाकून नमस्कार केला आणि मागच्या दारानं निघून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. फोन केला की तू उचलतेस आणि ‘ते बाहेर गेलेत’ म्हणतेस. मागे त्याचा खोकला ऐकू येतो. तुला खोटं बोलता येत नाही, हे सुनेत्राला आवडलं असतं.

त्याचा निरोप तू जसाच्या तसा लिहिलास ते बरं केलंस. ‘तात्यांना म्हणावं, ती कविता परत घ्या. पोरांच्या पुस्तकात जाऊ देऊ नका. मग बोलू.’ संमतिपत्र इथे टेबलावर आहे. त्यावर सही करून महिनाअखेरीपर्यंत पुण्याला पाठवायची. अजून केलेली नाही.

तुझ्या तोंडपाठ असलेल्याच ओळी पुन्हा लिहितो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतो आहोत हे नक्की होईल.

तिनं पाणी मागितलं तेव्हा
घरात दोघंच होतो,
मी आणि तिची तहान.
मुलाची ड्यूटी होती.
आया मरतात तेव्हा
मुलांची ड्यूटीच असते.

सहा ओळी. यात शंतनूचं नाव कुठे आहे? कविता म्हणजे पोलिसांचा पंचनामा नव्हे. कवितेतला ‘मी’ म्हणजे धारच्या ट्रेझरीतून पेन्शन उचलणारा मास्तर नव्हे, आणि कवितेतला मुलगा म्हणजे कारखान्यात जाणारा आपला शंतनू नव्हे. एवढी साधी गोष्ट नववीतल्या मुलांना कळेल असं पुण्याच्या लोकांना वाटतं. तेहतीस वर्षांच्या माणसाला कळू नये?

वल्लरी, मी चाळीस वर्षं लिहितो आहे. आमच्या आजोबांनी धार संस्थानात दफ्तर सांभाळलं, त्यांची मराठी दरबारात चालायची. माझी मराठी कुठेच चालत नव्हती. पोट मी हिंदीवर भरलं. गंधवानीच्या सरकारी शाळेत नऊ वर्षं आणि मग धारला, पोरांना हिंदी शिकवली आणि घरी येऊन मराठीत लिहीत बसलो. पुण्यामुंबईची मासिकं कविता परत पाठवायची, समासात लाल पेन्सिलीनं ‘हिंदी वळण’ असं लिहून. इथले लोक म्हणायचे, ‘मास्टरजी, हिंदी में लिखते तो रेडियो पे आते.’ एकच संग्रह निघाला, नव्व्याण्णव साली, पाचशे प्रती. त्यात बहात्तर कविता. लोकांनी उचलली ती ही एक. पुरस्कार मिळाला तो हिच्यामुळे. उरलेल्या एकाहत्तर कवितांबद्दल मला आजवर एकच पत्र आलं, खातेगांवच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांचं. त्यांनी छपाईतल्या चुकांची यादी पाठवली होती.

आणि आता कुठे ही एक कविता हजारो मुलांच्या दप्तरात जायची, तर ती मी परत घ्यायची, का, तर माझ्या मुलाला ती ऐकून राग आला. माझ्या हयातीत मला दुसरं काही मिळणार नाही, हे तुला कळतं. तू वाचणारी मुलगी आहेस. त्याला समजावून सांग.

मी विचार करतो आहे, असं त्याला कळव. गुरुवारी तू तरी ये, असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

तुझा सासरा,
तात्या


धार,
बुधवार, २० ऑक्टोबर २००४

चि. सौ. वल्लरीस,
आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र पहिल्याहून पुष्कळ लहान. दोनच प्रश्न. ‘आईंच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्यापाशी कोण होतं? आणि ह्यांनी तुम्हाला या कवितेचा अर्थ विचारला होता, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?’ म्हणजे त्यानं तुला सांगितलं आहे. तरी तू मला विचारतेस. तुझ्या जागी मी असतो तर मीही असंच केलं असतं.

कविता आणि सत्य यांच्याविषयी तीन पानं लिहून काढली होती. चांगली उतरली होती. फाडून टाकली.

हे पत्र तू त्याला मोठ्यानं वाचून दाखव. हातात दिलंस तर तो अक्षरं लावील आणि दुसऱ्या ओळीला डोकं धरून बसेल. कानानं त्याला सगळं कळतं, हे गणपतीत आपण पाहिलं.

आधी दुसरा प्रश्न, तो सोपा आहे म्हणून नव्हे, मला त्याची लाज जास्त वाटते म्हणून. घरात मराठी बोलतात, मग यांना वाचता कसं येत नाही, असं तू लग्नानंतर हसत हसत विचारलं होतंस. मी हिंदी शाळेवर ढकललं. लिपी एकच, पण तो हिंदीसुद्धा अक्षर अक्षर लावतच वाचतो. खरी गोष्ट अशी की तो सहा वर्षांचा असताना सुनेत्रानं इंदूरहून मराठीचं पहिलं पुस्तक मागवलं होतं. संध्याकाळी अर्धा तास त्याला घेऊन बसा, म्हणायची. संध्याकाळ ही माझी लिहायची वेळ. मी म्हणालो, घरात बोलतो तेवढं पुरे, वाचायला आपोआप येईल. ते आपोआप येत नाही, हे शाळामास्तराला ठाऊक असतं. शेकडो परक्या पोरांना वाचायला शिकवलं आणि घरच्या पोराला माझी भाषा दिली ती फक्त तोंडात.

पुरस्काराची बातमी आली तेव्हा तो पेढे घेऊन धारला आला. पुस्तक उघडून माझ्यासमोर बसला. ‘तात्या, ही आईवाली कविता आहे ना? अक्षरं तर कळतात, मतलब नाही लागत. जरा समजवा ना.’ तेव्हा मी सांगू शकलो असतो. मी म्हणालो, ‘आई आजारी होती, तू ड्यूटी सोडून आलास, शेवटपर्यंत तिला पाणी पाजलंस, असं लिहिलंय.’ त्यानं ओळींवरून बोट फिरवलं. ‘ड्यूटी’ हा शब्द त्याला सापडला, ‘मुलाची’ सापडला, ‘पाणी’ सापडला. सगळे शब्द होते तिथे. ‘माझ्यावर लिहिली?’ म्हणाला. मी हो म्हणालो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यानं वीस प्रती विकत घेतल्या. कारखान्यात वाटल्या, मंडळात वाटल्या, ‘मेरे ऊपर लिखी है पिताजी ने’ असं सांगत. कारखान्यात कोणाला मराठी वाचता येत नव्हतं. मंडळात दोघा-तिघांना येत होतं. त्यांनी वाचलं, त्याच्याकडे पाहिलं आणि गप्प बसले. चार वर्षं गप्प बसले. आमचे लोक अशा बाबतीत फार सभ्य आहेत.

माझ्या घरात माझी कविता वाचणारं कोणी नाही, याचं मी सभांतून दुःख करत आलो आहे. त्या दिवशी मला त्याचा उपयोग झाला.

आता पहिला प्रश्न.

शहाण्णवचा नोव्हेंबर. सुनेत्राच्या पोटातल्या गाठीवर इंदूरच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्या म्हणाले. शंतनू देवासला ट्रॅक्टरचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागला होता. प्रोबेशनचे अकरा महिने झाले होते, बारावा भरला की पक्का होणार. तो घरी आला आणि एकोणीस दिवस राहिला. तिला उचलून न्हाणीत न्यायचा. तिची लुगडी धुवायचा, आणि शेजारणींना दिसू नये म्हणून मागच्या दोरीवर वाळत घालायचा. चमच्यानं पाणी पाजायचा, कारण पेला तिला धरवत नव्हता. मी त्याच घरात होतो. मी बाजाराची पिशवी आणत होतो आणि डॉक्टरांशी बोलत होतो. तिच्या खोलीतला वास मला सहन होत नव्हता, हेही लिहून टाकतो.

प्रोबेशनवरच्या माणसाला एकोणीस दिवस कोण देतं? त्याला काढून टाकलं. मला त्यानं ते तीन महिन्यांनी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. ‘ती ड्यूटी गेली, तात्या. दुसरी पाहतोय.’ तेव्हापासून तो ठेकेदाराच्या हाताखाली आहे, आणि पक्का कधी झाला नाही.

एकोणीस दिवसांतले शेवटचे दोन मी धारमध्ये नव्हतो. नगरहून कविसंमेलनाचं बोलावणं आलं होतं. महाराष्ट्रातून आलेलं माझं पहिलं बोलावणं. मी सुनेत्राला दाखवलं. ती म्हणाली, ‘जा, बोलावलंय तर. मी कुठे जात्येय.’ एवढ्या परवानगीची मी वाटच पाहत होतो.

शंतनू, आता तुझ्याशी बोलतो. वल्लरी, तू वाचत जा, थांबू नकोस.

तू सकाळी अकराला नगरला फोन लावलास. एक कार्यकर्ता माझ्याकडे चिठ्ठी घेऊन आला. ‘धारहून फोन. सौ. अत्यवस्थ. ताबडतोब निघा.’ फोन अजून चालू होता, तू दुसऱ्या टोकाला होतास. तो म्हणाला, काय सांगू? मी म्हणालो, ‘सांगा, निघालो.’ आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

मी निघालो नव्हतो. बाराची धुळ्याची बस उभी होती, स्टँड दहा मिनिटांवर होता. ती गाडी धरली असती तर मी त्याच दिवशी घरी पोचलो असतो. पण माझी पाळी जेवणानंतरच्या सत्रात होती, सातवी. अध्यक्षांना मला लवकर घ्या म्हणून सांगावं, तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण ऐकून त्यांनी मला गाडीत बसवून दिलं असतं. म्हणून मी सांगितलं नाही. कविता वाचल्या. तीन वाचल्या. टाळ्या बऱ्या पडल्या. चहा घेतला. सहाच्या गाडीनं निघालो आणि दुसऱ्या दिवशी दहाला घरी आलो. तू अंगणात उभा होतास. ती पहाटेच गेली होती.

गाडी सेंधव्याच्या घाटात बिघडली, असं मी तुला सांगितलं. गाडी बिघडली नव्हती. वेळेवर होती.

आणखी एक आहे. त्या परतीच्या गाडीत मी पहिल्या तीन ओळी लिहिल्या. पाणी, मी आणि तिची तहान. तेव्हा ती जिवंत होती. तू तिच्यापाशी होतास, ती श्वास घेत होती, आणि मी बसमध्ये तिला मारून मोकळा झालो होतो.

पुढे घरी कविता पुरी करताना खरं तेच लिहून पाहिलं. मुलगा होता, नवरा नव्हता. दोन महिने त्यावर बसलो. जमेना. वाचताना माझीच किळस यायची, आणि कवितेतल्या माणसाची किळस आली की लोक पान उलटतात. मग एका सकाळी तुझी ‘ड्यूटी’ आठवली, मी आपल्या दोघांच्या जागा बदलल्या, आणि अर्ध्या तासात कविता उभी राहिली. शब्द तुझा, एकोणीस दिवस तुझे, तिचं पाणी तू पाजलेलं. खाली नाव माझं.

मला माफ कर, असं लिहितो आहे. बापानं मुलाला असं लिहायची आमच्यात पद्धत नाही. कसं लिहितात ते मला माहीत नाही, म्हणून सरळ लिहिलं.

संमतिपत्र अजून इथेच आहे.

तुझा बाप,
तात्या


धार,
मंगळवार, २ नोव्हेंबर २००४

चि. सौ. वल्लरी,

तुझं पत्र आज सकाळी आलं. चार वेळा वाचलं. उत्तर लगेच लिहितो, आणि हे पत्र दुपारी देवासला जाणाऱ्या शिवाजीरावांच्या हाती देतो, कारण पोस्टानं ते शनिवारपर्यंत पोचेल की नाही याचा भरवसा नाही. रविवारच्या आत तुम्हाला मिळालंच पाहिजे.

तू लिहितेस, वाचताना तू दोनदा थांबलीस आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, ‘पुढे वाच.’ शेवटी ‘निघालो’ तेवढा भाग त्यानं पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाला, ‘आई विचारत होती, कुठवर आले, कुठवर आले. मी बोलत होतो, आता शिरपूर आलं असेल. आता सेंधवा. आता खलघाट. मग म्हणालो, आई, बस आता धामनोद सोडलं. त्याच्या पुढे मला गावंच उरली नाहीत.’

हे मला ठाऊक नव्हतं. आठ वर्षं त्यानं हे मला सांगितलं नाही, गाडी बिघडली म्हणून मला वाईट वाटू नये यासाठी.

आणि मग, तू लिहितेस, तो ओट्यावर जाऊन आला आणि म्हणाला, ‘चला, बोलले तरी. इतकं कोण लिहून देतं? रविवारी जाऊ तात्यांकडे. दिवाळीत एकटे काय करतील? चकलीचं पीठ इथूनच घेऊन जाऊ, धारला ती चक्की बंद झाली. कविता तर त्यांनी परत घेतलीच असणार.’ आणि त्याखाली तू तुझ्या सुरेख अक्षरात लिहिलंस, ‘तात्या, तुम्ही संमतिपत्र पाठवलं नसेलच, हो ना?’

पाठवलं आहे.

वीस तारखेला, मागचं पत्र लिहून झाल्यावर. ‘अजून इथेच आहे’ असं लिहिलं तेव्हा ते इथे होतं, तेवढ्यापुरतं मी खोटं बोललो नाही. मग पाकीट बंद करण्याआधी मी पत्र एकदा वाचून पाहिलं, जसं कवितेचं करतो तसं. ते मला आवडलं. शेवटचा माफीचा भाग तर फारच बरा उतरला होता. वाटलं, एवढं सगळं कबूल केलं, आता माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. आता ती कविता निदान माझी झाली. पेन हातात होतंच. सही केली. दोन्ही पाकिटं घेऊन पोस्टात गेलो आणि एकाच पेटीत टाकली. तुमचं आधी टाकलं, हेही आठवतं.

ते परत मागवता येतं. संमतिपत्राची एक प्रत माझ्याकडे आहे, तिच्यावर पुण्याचा फोन नंबर छापलेला आहे. पुस्तक अजून छापायला गेलेलं नसणार. एक फोन केला तर ते कविता काढतील, फार तर थोडं वाईट बोलतील. तुझं पत्र वाचून मी सकाळपासून फोनपाशी बसलो आहे. एकदा उचललाही. पलीकडून बाई ‘हॅलो’ म्हणाली आणि मी ठेवून दिला. उद्या करीन असं लिहिणार होतो. पण मी मला आता ओळखतो. करणार नाही.

त्याला असं सांगू नकोस की तात्यांना पश्चात्ताप नव्हता. होता. आजही आहे. पण घरचं माणूस आणि कविता यांतलं एक निवडायची वेळ माझ्यावर दोनदा आली, आणि दोन्ही वेळा मी एकच निवडलं. पहिल्या वेळी सुनेत्रा वाट पाहत होती. आता तो पाहतो आहे. मधल्या आठ वर्षांत माझ्यात काही फरक पडला नाही, हे त्याला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

नववीच्या वर्गात मास्तर ती कविता शिकवतील. कवीच्या मुलानं आईला शेवटचं पाणीही दिलं नाही, असं मुलांना सांगतील, आणि मुलं ते वहीत लिहून घेतील. हे थांबवणं माझ्या हातात आहे आणि मी ते थांबवत नाही. वाक्य वाचायला अवघड आहे, पण गाळू नकोस.

हे पत्र मी लिहिलं नसतं तरी चाललं असतं. तुम्ही रविवारी आला असता. पुस्तक जूनमध्ये निघेल, महाराष्ट्रात, इकडे कोण पाहणार होतं? तो आला असता, पीठ घेऊन. मी त्याच्या पानाशेजारी पान मांडून बसलो असतो, चकल्या कुरकुरीत झाल्यात म्हणालो असतो, त्याच्या पाठीवर हात ठेवला असता, आणि मला यातलं काहीही जड गेलं नसतं. मला ते सहज जमतं, सूनबाई. म्हणून त्याला रविवारी येऊ देण्याआधी हे वाचून दाखव.

तात्या